योहानेस केप्लर

इ. स. १५७७ च्या हिवाळ्यात युरोपच्या आकाशात एक मोठा धूमकेतू दिसू लागला. त्या काळी धूमकेतूचे दर्शन ही मोठ्या अरिष्टाची सूचना समजली जाई. राजाचा मृत्यू, रोगाची साथ, दुष्काळ किंवा परचक्र यांपैकी काहीतरी आता ओढवणार, या धास्तीने लोक आकाशाकडे पाहत. अशा वेळी दक्षिण जर्मनीत राहणारी कॅथरिना नावाची एक स्त्री आपल्या लहानग्या मुलाला घेऊन एका उंचवट्यावर गेली आणि तिने त्याला तो धूमकेतू दाखविला. मुलाचे सहावे वर्ष नुकतेच संपत आले होते. पुढे १५८० साली चंद्रग्रहण लागले, तेव्हाही त्याला मुद्दाम घराबाहेर बोलावण्यात आले. ग्रहणातला तो तांबूस चंद्र त्याच्या मनात कायमचा राहिला. हा मुलगा म्हणजे पुढे ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा थोर गणिती योहानेस केप्लर.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी वाइल या गावी झाला. त्याचे आजोबा एके काळी गावचे नगराध्यक्ष होते. परंतु योहानेसच्या लहानपणी घराण्याचे दिवस पालटले होते. वडील भाडोत्री शिपाई होते. जेथे लढाई, तेथे ते जात. असेच एकदा ते घर सोडून गेले, ते पुन्हा परतलेच नाहीत. लहानपणीच योहानेसला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण त्याची दृष्टी अधू झाली आणि हातांतही व्यंग राहिले. ज्याने पुढे आकाशाचा हिशेब मांडला, त्याला आकाशातील तारे स्वच्छ दिसतही नसत! सुदैवाने तेथील राज्यात हुशार व गरीब मुलांसाठी शिष्यवृत्तीची सोय होती. तिच्या आधारे तो १५८९ साली ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. परंतु तेथे त्याला मेस्टलिन नावाचे गणिताचे गुरू लाभले. पृथ्वी स्थिर नसून ती सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसचे मत त्यांनी त्याला समजावून दिले. त्या दिवसांत हे मत मानणारे विद्वान फारच थोडे होते. केप्लरला ते मनापासून पटले.

१५९४ साली ग्रात्स येथील शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, आणि विद्यापीठाने केप्लरला तेथे पाठविले. शिक्षक म्हणून तो काही फारसा यशस्वी झाला नाही. बोलता बोलता तो एका विषयातून दुसऱ्या विषयात शिरे आणि मुले गोंधळून जात. पहिल्या वर्षी त्याच्या वर्गात थोडेच विद्यार्थी होते. दुसऱ्या वर्षी तर एकही आला नाही. परंतु या नोकरीबरोबर आणखी एक काम त्याच्याकडे आले होते. त्या प्रांताचे वार्षिक पंचांग तयार करणे आणि त्यात येत्या वर्षाचे भविष्य वर्तविणे, हे ते काम होय. शाळेतील या तरुण गणितशिक्षकाला ज्योतिषी होणे भाग पडले.

त्या काळी गणिती आणि ज्योतिषी हे दोन वेगळे व्यवसाय नव्हते. ज्याला ग्रहांचे गणित येई, त्यानेच लोकांच्या पत्रिका कराव्यात, अशी रीत होती. पत्रिका म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो, त्या मार्गाचे प्रत्येकी ३० अंशांचे १२ भाग कल्पिलेले आहेत. मेष, वृषभ, मिथुन इत्यादी राशी त्या ह्याच. बालक जन्मले, त्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी राशी उगवत असेल, ते त्याचे लग्न. आकाश अखंड फिरत असल्यामुळे साधारणपणे दर दोन तासांनी लग्न बदलते. म्हणूनच पत्रिकेसाठी जन्माची वेळ व ठिकाण विचारतात. लग्नापासून १२ स्थाने मोजायची, आणि सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी त्या क्षणी कोठे होते, ते त्यांत मांडायचे. आपल्याकडे राहू व केतू हेही मांडतात. ते काही दिसणारे ग्रह नव्हेत; चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जेथे छेदतो, ते ते दोन बिंदू आहेत. तात्पर्य, कुंडली म्हणजे एका क्षणाच्या आकाशाचा नकाशा. येथपर्यंतचा सारा भाग गणिताचा असून तो बरोबर की चूक हे आकाशाकडे पाहून ठरविता येते. त्यापुढे, अमुक ग्रह अमुक स्थानी असल्याने विवाह केव्हा होईल, धन किती मिळेल, हे सांगणे म्हणजे फलित. ते मात्र आकाशात कोठेही लिहिलेले नसते.

ही विद्या फार जुनी आहे. बाबिलोनचे पुरोहित शतकानुशतके ग्रहांच्या व ग्रहणांच्या नोंदी मातीच्या विटांवर कोरून ठेवीत. आरंभी त्यांवरून केवळ राजाचे व राज्याचे शुभाशुभ पाहत. १२ समान राशी त्यांनीच ठरविल्या, आणि इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथे सामान्य बालकांच्या जन्मकाळची ग्रहस्थितीही लिहिली जाऊ लागली. पुढे ईजिप्तमधील ग्रीक विद्वानांनी लग्न व बारा स्थाने यांची भर घालून आजच्या पत्रिकेला आकार दिला. ग्रीकांकडून ही पद्धती भारतात आली. वेदकाळी आपल्याकडे यज्ञाच्या वेळा ठरविण्यासाठी नक्षत्रांचे गणित होतेच. जन्मपत्रिकेचे शास्त्र मात्र नंतरचे. ‘होरा’ व ‘केंद्र’ हे शब्द मूळचे ग्रीक आहेत, आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराने या विद्येतील यवनांचे श्रेष्ठत्व मोकळ्या मनाने मान्य केले आहे. तीच विद्या अरबांच्या हातून युरोपात पुन्हा पसरली. म्हणूनच केप्लर ज्या राशी व जी बारा स्थाने मांडीत होता, तीच आपल्याकडील जोशीही मांडीत होते.

१५९५ या वर्षासाठी केप्लरने पहिले पंचांग केले. थंडी कडाक्याची पडेल, तुर्कांची स्वारी होईल आणि शेतकऱ्यांत असंतोष माजेल, असे भविष्य त्याने त्यात वर्तविले होते. तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या! ग्रात्समध्ये या तरुणाचे नाव सर्वतोमुखी झाले. वस्तुतः तुर्कांशी युद्ध आधीपासूनच चालू होते आणि शेतकरीही आधीपासूनच चिडलेले होते. डोळे उघडे ठेवून वावरणाऱ्यास एवढे ताडता आले असते. पण खरे ठरलेले एक भाकीत लोकांच्या ध्यानात राहते आणि चुकलेली दहा विसरली जातात. केप्लरला याची पुरेपूर जाणीव होती. आपल्याला मिळालेल्या या कीर्तीची त्याला काहीशी लाजच वाटे.

तरीही फलज्योतिष सर्वस्वी खोटे आहे, असे मात्र तो म्हणत नसे. आईवडील, आजोबा, आत्या या साऱ्यांच्या पत्रिका त्याने मांडल्या होत्या आणि त्यांखाली प्रत्येकाच्या स्वभावाची परखड टिपणे लिहून ठेवली होती. राशींच्या सीमा माणसाने सोयीसाठी आखल्या आहेत, बारा स्थानेही माणसाचीच कल्पना आहे. मग त्यांच्या अंगी शक्ती कोठून येणार, असे त्याला वाटे. मात्र दोन ग्रह परस्परांपासून ठरावीक कोनांवर येतात, तेव्हा पृथ्वीच्या हवेवर आणि माणसाच्या मनावर त्यांचा काही परिणाम होत असावा, अशी त्याची समजूत होती. ती पडताळून पाहण्यासाठी पाऊस, वारा व थंडी यांची नोंद तो वर्षानुवर्षे ठेवीत असे. त्याची ही समजूत पुढील काळात टिकली नाही. परंतु केवळ पोथीत लिहिले आहे म्हणून ती मान्य करणे त्याला पटले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१५९५ च्या जुलै महिन्यात गुरू व शनी यांची युती तो वर्गात शिकवीत होता. ही युती सुमारे २० वर्षांनी एकदा होते, आणि ज्योतिषी तिला फार महत्त्व देत. फळ्यावर युतीची स्थाने दाखविणारी आकृती काढता काढता त्याच्या मनात एक नवाच विचार चमकला. ग्रह सहाच का? त्यांची अंतरे एवढीच का? या प्रश्नांचे उत्तर भूमितीत असले पाहिजे, असे त्याला वाटू लागले. त्याने शोधलेले उत्तर चुकीचे होते. पण त्यावर १५९६ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे टायको ब्राहे या थोर वेधकर्त्याचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. पुढे ग्रात्समध्ये प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा छळ सुरू झाला. धर्म बदला किंवा गाव सोडा, अशी आज्ञा निघाली. केप्लरने गाव सोडले आणि १६०० साली तो कुटुंबासह प्राग येथे टायकोच्या आश्रयास गेला.

टायकोने २० वर्षांहून अधिक काळ दुर्बिणीशिवाय, केवळ प्रचंड मोठ्या वेधयंत्रांच्या साहाय्याने ग्रहांची स्थाने मोजली होती. एवढे अचूक वेध त्यापूर्वी युरोपात कोणीही घेतले नव्हते. १६०१ साली टायको मरण पावला. त्याचे वेध आणि सम्राट रूडॉल्फ याच्या राजगणित्याचे पद ही दोन्ही केप्लरकडे आली. मंगळाचा मार्ग शोधण्याचे काम त्याने हाती घेतले. ग्रह वर्तुळातच फिरतात, असे दोन हजार वर्षे सर्वजण मानीत आले होते. कोपर्निकसनेही तेच मानले होते. केप्लरनेही मंगळासाठी एक वर्तुळ बसविले. त्यासाठी तेच किचकट गणित त्याने सत्तर वेळा केले! अखेर वर्तुळ जमले. मग त्याने ते टायकोच्या आणखी काही वेधांशी ताडून पाहिले, तो ८ कलांचा फरक आला.

८ कला म्हणजे किती? एका अंशाच्या ६० कला होतात. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे दिसते. म्हणजे चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढी ही चूक होती. पत्रिका करणाऱ्याला एवढ्या फरकाने काहीच बिघडले नसते. पूर्वीच्या ज्योतिर्विदांच्या वेधांतच १० कलांपर्यंत चूक असे. त्यांनीही तो फरक सोडून दिला असता. पण टायकोच्या वेधांत ८ कलांची चूक असणे शक्य नाही, हे केप्लरला ठाऊक होते. कित्येक महिन्यांचे श्रम त्याने बाजूला ठेवले आणि पुन्हा आरंभ केला. अनेक आकृत्या तपासून टाकून दिल्यानंतर त्याच्या ध्यानात आले की, मंगळाचा मार्ग वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, आणि सूर्य त्याच्या मध्यभागी नसून एका नाभीपाशी आहे. ग्रह सूर्याजवळ येतो तेव्हा वेगाने चालतो आणि दूर जातो तेव्हा त्याची गती मंदावते, हेही त्याने सिद्ध केले. १६०९ साली हे दोन नियम प्रसिद्ध झाले.

राजगणिती म्हणून सम्राटाला भविष्य सांगणे हेही त्याचे एक कामच होते. पगार बहुधा थकलेला असे. तेव्हा श्रीमंतांच्या पत्रिका करून घर चालवावे लागे. ज्योतिष ही खगोलशास्त्राची वेडगळ मुलगी असली, तरी गरीब आईचे पोट तीच भरते, अशा अर्थाचे विधान त्याने आपल्या एका ग्रंथात केले आहे. परंतु पोटासाठी सर्वच सांगायला तो तयार नसे. रूडॉल्फचे सिंहासन डळमळू लागले, तेव्हा सम्राट ज्योतिषांवर अधिकच विसंबू लागला. त्या वेळी केप्लरने दरबारातील एका विश्वासू माणसाला गुप्तपणे पत्र लिहून, सम्राटाला या नादापासून दूर ठेवावे, असे कळविले. राजज्योतिष्यानेच असा सल्ला द्यावा, हे धैर्याचे काम होते.

१६११ हे वर्ष त्याला फार वाईट गेले. त्याचा लाडका मुलगा देवीच्या रोगाने गेला, पत्नी वारली आणि रूडॉल्फची सत्ताही संपुष्टात आली. पुढच्याच वर्षी तो लिंट्स येथे गेला. तेथे असतानाच, १६१५ साली, त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. मुलाला धूमकेतू दाखविणारी कॅथरिना ती हीच. ती झाडपाल्याची औषधे देत असे आणि तिची जीभ फटकळ होती. तिने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो, अशी तक्रार एका बाईने केली, आणि मग गावातील अनेकांना आपापली जुनी दुखणी आठवली. १६२० साली सत्तरी उलटलेल्या त्या वृद्धेला साखळदंड घालून कैदेत टाकण्यात आले. त्या काळी अशा खटल्यांत शेकडो स्त्रियांना जिवंत जाळले जात असे. आपले काम बाजूला ठेवून केप्लर लिंट्सहून धावत गेला. मंगळाच्या वेधांकडे जसे पाहिले, तसेच त्याने साक्षीदारांच्या जबान्यांकडे पाहिले. ज्या शिक्षकाचा पाय लुळा पडला होता, तो एक खंदक ओलांडताना पडला होता. ज्या मुलीचा हात दुखत होता, तिने जड विटा वाहिल्या होत्या. अशी प्रत्येक आरोपामागची साधी कारणे दाखवून त्याने लांबलचक लेखी बचाव तयार केला. शेवटी तिला यातनांची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले. पण तिने गुन्हा कबूल केला नाही. सुमारे चौदा महिन्यांनंतर, १६२१ च्या शरद ऋतूत ती सुटली. पुढच्या वसंतात तिचे निधन झाले.

या खटल्याच्या धामधुमीतच, १६१९ साली, केप्लरने ग्रहांचा तिसरा नियम प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथात तो आपल्या स्वतःच्या पत्रिकेविषयीही लिहितो. आपल्याशी जवळजवळ सारख्याच ग्रहयोगांवर जन्मलेली एक स्त्री आपल्याला ठाऊक आहे, असे सांगून त्याने जे वर्णन केले आहे, ते त्याच्या आईशीच जुळते. ग्रहयोग सारखे, पण एक जण राजगणिती झाला आणि दुसरीला त्यांचा काहीच लाभ झाला नाही! आपल्या जीवनाला वळण देणारे कोपर्निकस आणि टायको ब्राहे हे आपल्या पत्रिकेत शोधूनही सापडणार नाहीत, असा त्याचा अभिप्राय होता.

वॉलेनस्टाइन या प्रसिद्ध सेनापतीची हकिगत याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. १६०८ साली आपले नाव न कळविता त्याने केप्लरकडून पत्रिका करून घेतली होती. पुढे ती परत पाठवून, कोणती गोष्ट केव्हा घडली हे त्याने समासात लिहिले आणि अधिक बारीक भविष्य मागितले. विवाहाचा योग ३३ व्या वर्षी सांगितला होता. प्रत्यक्षात विवाह २५ व्या वर्षीच झाला होता. माणसाच्या आयुष्यातील प्रत्येक घटना तारे ठरवितात असे मानणारा भ्रमात आहे, अशी कानउघाडणी करीत केप्लरने नाखुशीनेच नवी पत्रिका पाठविली. तिच्यातील भविष्य १६३४ च्या मार्च महिन्यातील भयंकर गोंधळापाशी संपते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वॉलेनस्टाइनचा खून झाला. ही गोष्ट आजही मोठ्या आश्चर्याने सांगितली जाते. चुकलेल्या विवाहाची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

ग्रहांची स्थाने देणारी कोष्टके टायकोच्या वेळेपासून अपुरी राहिली होती. लिंट्सला वेढा पडला, छापखाना जळाला, तरी ती पुरी करून केप्लरने १६२७ साली उल्म येथे छापून घेतली. त्यांच्या आधारे १६३१ च्या ७ नोव्हेंबरला बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, असे त्याने जाहीर केले आणि आकाशनिरीक्षकांनी आदल्या दिवसापासूनच सूर्यावर लक्ष ठेवावे, अशी सूचनाही दिली. गणितात थोडीफार चूक राहिली असण्याचा संभव त्याने गृहीत धरला होता.

तो दिवस पाहण्यास केप्लर उरला नाही. सरकारकडे त्याची सुमारे १२,००० गिल्डरची बाकी होती. ती मिळवण्याच्या खटपटीत, ऐन थंडीत घोड्यावरून प्रवास करून तो रेगेन्सबुर्ग येथे पोहोचला, तेथे तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी मरण पावला. चालू असलेल्या युद्धात तेथील दफनभूमीही उद्ध्वस्त झाली. त्याची समाधी कोठे होती, हे आज दाखविता येत नाही.

वर्षभराने पॅरिसमध्ये गासेंदी नावाचा विद्वान दुर्बिणीतून येणारे सूर्याचे बिंब कागदावर पाडून वाट पाहत होता. आधीचे दिवस ढगाळ गेले होते. ७ नोव्हेंबरच्या सकाळी ढग विरळ झाले, आणि बिंबावर एक बारीक काळा ठिपका दिसला. तो इतका लहान होता की, हा सूर्यावरील डागच असावा, असे गासेंदीला प्रथम वाटले. थोड्या वेळाने पाहतो, तो ठिपका पुढे सरकला होता. डाग एवढ्या वेगाने सरकत नाहीत. तो बुध होता.